जोगदंड सरांच्या हाताचा गुण

जोगदंड सरांनी बंद पडलेल्या वस्तूला हात लावला की ती चालू होते, असा आमच्या कॉलेजात सगळ्यांचा समज होता, आणि दुर्दैवाने तो सरांचाही होता.

लायब्ररीचं स्टेपलर, प्राचार्यांच्या केबिनमधला कूलर, बागेची पाण्याची मोटार, काहीही बिघडलं की आधी सरांना निरोप जायचा आणि मग इलेक्ट्रिशियनला. सर यायचे, बाह्या दुमडायचे, वस्तूकडे जरा रागाने बघायचे आणि कुठेतरी दोन बोटं घालायचे. बहुतेक वेळा ती सुरू व्हायची. नाही झाली तर ती मुळातच भंगारात काढायच्या लायकीची आहे असं जाहीर व्हायचं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत मुलं "सर, एकदा ब्युरेटला हात लावा ना" म्हणून मागे लागायची. आणि हा विज्ञानाचा प्राध्यापक चक्क लावायचा.

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. माझी लायब्ररी आणि त्यांची बायोकेमिस्ट्रीची लॅब यांच्यात एक भिंत होती आणि बाहेर एक सामाईक पायरी. माझ्या वडिलांचं परळीला किराणा दुकान होतं, एवढ्यावरून सरांनी मला पहिल्याच दिवशी शेटजी करून टाकलं. ते सिरसाळ्याच्या बौद्ध घरातले. त्यांचे वडील तिथल्या आडतीत पोती उचलायचे. "माझ्या बापानं उचललेली पोती तुमच्या दुकानात आली असतील," ते म्हणायचे, "म्हंजे आपन जुने नातेवाईकच की." दुपारी चारच्या सुमाराला आम्ही त्या पायरीवर बसायचो. सर तंबाखू मळायचे, मी चहा प्यायचो, आणि दोघंही एकमेकांच्या व्यसनाला नावं ठेवायचो.

सरांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "मी म्हनतो म्हनून मानू नका, तपासून बघा." वर्गात तर ते म्हणायचेच, पण कंडक्टरला, दूधवाल्याला आणि बीपी मोजणाऱ्या डॉक्टरलाही म्हणायचे. दूध घरी आलं की आधी त्यात लॅक्टोमीटर बुडायचा, मग ते चुलीवर जायचं. "लग्नाआधी ह्यांनी माझे सगळे मार्कमेमो पुन्हा तपासायला पाठवले नाहीत, हेच नशीब," असं वहिनी म्हणायच्या.

कॉलेजला बोअर घ्यायचं ठरलं तेव्हाची गोष्ट. संस्थेच्या सचिवांनी तेलगावकडचा एक पाणी बघणारा आणला. तळहातावर नारळ आडवा ठेवून तो मैदानभर फिरला, आणि कबड्डीच्या पटांगणाच्या कडेला आल्यावर नारळ उभा राहिला. सचिवांनी लगेच हात जोडले, त्यामुळे आम्हीही जोडले. सर पुढे झाले आणि त्या माणसाला अगदी अदबीने म्हणाले, "पाहुणे, राग मानू नका. आता डोळ्याला रुमाल बांधून एकदा फिरा." दुसऱ्यांदाही नारळ उभा राहिला, पण सायकल स्टँडच्या पत्र्याखाली. सचिव बरेच दिवस सरांशी बोलले नाहीत. सर मात्र त्या पाणी बघणाऱ्यावर अजिबात चिडलेले नव्हते. त्याला बसवून चहा पाजला, त्याच्या पोराबाळांची चौकशी केली. तो गेल्यावर मला म्हणाले की माणूस लबाड नाही, त्याचा हातच त्याला फसवतो आणि त्याला ते ठाऊक नाही.

असा हा जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणारा माणूस. स्वतःच्या हातावर मात्र त्याचा डोळे झाकून विश्वास होता. त्या वेळी हे माझ्या लक्षात आलं नाही. आलं असतं तरी मी बोललो नसतो, कारण माझं स्टेपलर तेव्हा चालू होतं.

सरांचा जीव ज्वारीत अडकला होता. दिवाळीनंतर आमच्याकडे आभाळातून थेंब पडत नाही, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तरी मालदांडी ज्वारी कणीस धरून उभी राहते. ती कशाच्या जोरावर, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. उत्तराचा एक तुकडा असा होता की तहान लागली की झाड एक वेगळं प्रोटीन तयार करतं. माझं शिक्षण कला शाखेचं. तरी हे प्रोटीन मला कळलं, कारण सरांनी ते माझ्यापुढे उकळून दाखवलं.

इंडक्शनवर एका पातेलीत ज्वारीच्या पानांचा रस ठेवला होता. वासाने प्राचार्य डोकावून गेले, त्यांना वाटलं काढा चाललाय. रस तापला तसा नासलेल्या दुधासारखा फुटला, चोथा वर आला. सरांनी तो गाळला आणि खालचं नितळ पाणी माझ्यापुढे धरलं. बाकीची प्रोटीनं म्हणजे बांधलेला फेटा, ते सांगत होते. उष्णता लागली की फेटा सुटतो, गुंता होतो, सगळं वाया. पण हे प्रोटीन मुळात बांधलेलंच नसतं. लांबलचक सैल धागा, ठरावीक आकार नाही, पाण्यात नुसता हलत राहणारा. म्हणून तो उकळूनही जसाच्या तसा उरतो.

"ज्याला आकारच न्हाई, त्याचं उकळून काय बिघडनार, शेटजी?" ते म्हणाले. हे ते ज्वारीबद्दल बोलत होते, पण सिरसाळ्याच्या आडतीपासून या लॅबपर्यंत येताना ते स्वतःही काही कमी उकळून निघाले नव्हते. चेहरा तरी त्या दिवशी तेच सांगत होता.

या सैल धाग्यावर सरांनी एक पेपर लिहिला आणि तो बाहेर नाव करून गेला. त्यांनी केलेला प्रयोग साधा होता. पपईच्या चिकात एक एन्झाइम असतं, ते प्रोटीन कापतं. धागा सैल असेल तर पटापट कापला जातो, घट्ट गुंडाळलेला असेल तर टिकतो. टिकला की जेलीसारख्या एका पातळ पट्टीवर निळी रेघ उमटते, कापला गेला की ती जागा कोरी. सरांच्या नमुन्यात निळी रेघ ठसठशीत यायची. त्यावरून सरांनी निष्कर्ष काढला की ज्वारीचं हे सैल प्रोटीन शुद्ध केलं की आपलं आपण घट्ट होतं. त्याच पेपरच्या आधारावर त्यांची प्रोफेसर पदाची फाइल पुढे सरकत होती.

धर्मापुरीची शीतल फड त्यांच्याकडे पीएचडीला होती. कमी बोलणारी, कामाला वाघ. तिला पुढचं काम करायचं होतं, पण त्यासाठी आधी ती निळी रेघ तिच्या हातून यायला हवी होती. ती येतच नव्हती. तेच पीक, तोच चीक, तीच पातेली, आणि शीतलच्या पट्टीवर दर वेळी कोरी जागा. विद्यापीठाच्या समितीने तिला शेवटची मुदतवाढ दिली आणि अध्यक्षांनी सुनावलं की गाइडला जमतं ते विद्यार्थिनीला जमत नसेल तर दोष तिच्या कामात आहे. पुढच्या बैठकीपर्यंत रेघ दिसली नाही तर नोंदणी रद्द. तिच्या घरीही वडिलांनी सांगितलं होतं की यंदा शेवटचं, मग स्थळं बघायला सुरुवात करायची.

बैठकीत सर तिच्या बाजूने भांडले. पण परत आल्यावर, आणखी एक कोरी पट्टी पाहिल्यावर, त्यांचाच तोल गेला. भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू आलं. "कावून जमत न्हाई तुला? तुझ्या हातातच जीव न्हाई." शीतल लायब्ररीत आली आणि वर्तमानपत्रांच्या स्टँडमागे बसून आवाज न करता रडली. मी तिला पाणी दिलं आणि सरांचा मला फार राग आला. आजही तेवढ्या वाक्याचा येतो.

सरांनाही स्वतःचा तो आला असावा, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनीच सुचवलं की दोघांनी एकाच टेबलावर, एकाच बाटलीतून, शेजारी शेजारी काम करायचं. मी दारातून बघत होतो. शेवटी नमुना एका पातळ पारदर्शक नळीत भरून ती पाण्यात सोडावी लागते, म्हणजे बारीकसारीक मीठ बाहेर निघून जातं. ही नळी कोरडी असताना चिकटलेली असते, ओली करून अंगठा आणि बोटात चोळली की तिचं तोंड उघडतं. शीतलने ग्लोव्हज घालून चोळली. सरांनी नुसत्या हाताने, आणि काय सुरेख. ग्लोव्हज घातले की अंदाज कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी त्यांच्या पट्टीवर रेघ, शीतलच्या कोरी. सरांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान दिसलं आणि मग शीतलकडे पाहून ते कुठल्या कुठे गेलं.

त्या आठवड्यात शीतलने न सांगता एक गोष्ट केली. धातू ओढून घेणारं एक रसायन असतं, ते तिने सरांच्या नमुन्यात घातलं. निळी रेघ नाहीशी झाली. म्हणजे सरांचा धागा आपला आपण घट्ट होतच नव्हता. कुठला तरी धातू त्याला धरून ठेवत होता. तिने ते सरांना दाखवलं, आणि मग सरांनी लॅब उलटीपालटी केली. धातू कुठून येतो? पाणी बदललं, काचेची भांडी ॲसिडने धुतली, मीठ नवीन आणलं, पातेली सुद्धा बदलली. स्वतःचा नमुना करताना रेघ येतच राहिली. शीतल सगळं मुकाट्याने धूत होती.

मग एका दुपारी आम्ही पायरीवर बसलो होतो. सर डाव्या तळहातावर तंबाखू मळत होते आणि नळाच्या पाण्याबद्दल बोलत होते. बोलता बोलता अंगठा थांबला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला. नखाच्या कडेला, कातडीच्या भेगांमध्ये पांढरं बसलेलं होतं. वर्षानुवर्षांचं.

"शेटजी," ते म्हणाले, "चुना म्हंजे काय?"

मी म्हणालो, चुना म्हणजे चुना.

"कॅल्शियम. धातूच की," ते म्हणाले आणि उठले. तंबाखू तशीच पायरीवर सांडली.

त्यांनी शीतलच्या नमुन्यात सुईच्या टोकावर मावेल एवढा चुना घातला. दुसऱ्या दिवशी तिच्या पट्टीवर निळी रेघ होती. सरांनी ती मला बोलावून दाखवली आणि शिक्षकाच्या सवयीने समजावूनही सांगितलं. या धाग्यावर जागोजागी ऋण भार असतो, सारख्याला सारखा ढकलतो, म्हणून धागा जवळ येत नाही. कॅल्शियम धन भाराचं. भांडणाऱ्या भावांच्या मध्ये आई येऊन बसली की सगळे तिच्याभोवती गोळा होतात, तसा धागा त्याच्याभोवती जमतो आणि मग चिकाला सहज कापता येत नाही. एवढं पाण्यात बुडवून ठेवलं तरी तो कॅल्शियमला सोडत नाही. नळी चोळताना अंगठ्यावरचा चुना आत जात होता, बस्स. "त्या नारळवाल्यात आन माझ्यात काय फरक राहिला?" ते म्हणाले. "त्याच्या डोळ्याला मी रुमाल बांधला. माझ्या कुनी बांधला न्हाई."

स्टाफरूमला चुन्यावरून जो विनोद सुचायचा तो पुढे सुचलाच. तो मी इथे लिहीत नाही.

पण खरी गोष्ट अजून व्हायची होती. शीतल तिथेच उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. सरांना ते उशिरा दिसलं.

"तुला म्हाईत होतं?"

तिने मान हलवली.

"कधीपासून?"

"रेघ गेली तवापासून, सर."

"मंग कावून बोलली न्हाईस? तुजी नोंदणी जायला लागलीय ग."

शीतल टेबलाकडे बघत होती. "तुमच्या हाताला कसं बोलू, सर?" ती म्हणाली.

सरांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. पेपर चुकला, प्रोफेसरपद गेलं, हे त्यांनी पायरीवरच गिळलं असतं. पण आयुष्यभर "तपासून बघा" म्हणत आलेल्या माणसाच्या लॅबमध्ये एक हुशार मुलगी आपली पदवी हातची जाऊ द्यायला तयार होती, पण सरांचा अंगठा बघा एवढं म्हणायला धजत नव्हती, हे त्यांना फार लागलं. मलाही लागलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "ज्या लॅबात माझ्या हाताला बोलता येत न्हाई, तिथं माझा हात कशाला पायजे."

समितीच्या बैठकीत सर स्वतः उभे राहिले. आपला निष्कर्ष चुकीचा होता आणि कसा चुकला, ते अंगठा वर करून सांगितलं. कुणीतरी हसलं. सर म्हणाले, हसा खुशाल, पण नीट ऐका, चुना माझा आहे आणि शोध तिचा. धातू आहे हे तिने काढलं, तेव्हा यापुढचा विषयही तिचाच. समितीने विषय बदलून दिला, नोंदणी वाचली, मुदत मिळाली. सरांनी पेपर मागे घेतला. फाइल जिथे होती तिथे थांबली आणि ते रिटायर झाले ते सहयोगी प्राध्यापक म्हणूनच. याबद्दल मी एकदा हळहळलो तर म्हणाले की प्रोफेसरलाही चहा तेवढ्याच कपातून देतात.

आणि त्या बैठकीनंतर सरांनी लॅबमध्ये पाऊल ठेवलं नाही. ग्लोव्हज घालून चाललं असतं, सगळ्यांनी तसं सांगितलं. तंबाखू सोडूनही चाललं असतं, ते वहिनींनी सांगितलं. वहिनी तर कित्येक वर्षं सांगत होत्या. सरांनी आठ दिवस बडीशेप खाऊन पाहिली. त्या आठ दिवसांत ते इतके कडू झाले की मीच त्यांना पुडी आणून दिली. त्यांचं म्हणणं, प्रश्न चुन्याचा नाहीच. ती तिथे असताना मी आत गेलो की ती माझ्या हाताकडे बघणार आणि गप्प बसणार. तिला बोलायची सवय लागू दे, मग बघू.

मग लॅबच्या दाराबाहेर एक स्टूल आलं. सर त्यावर दोन्ही हात काखेत दाबून बसायचे. आतून सेंट्रिफ्यूजचा आवाज जरा बदलला की त्यांची बोटं वळवळायची. शीतल दाराशी येऊन विचारायची, ते तिथून उत्तर द्यायचे. सुरुवातीला ती नुसती मान डोलवायची. मग "पण सर" म्हणायला लागली. मी भिंतीपलीकडून ऐकत होतो आणि तिचा आवाज महिन्यागणिक थोडा थोडा वर येत गेला. त्या काळात कॉलेजच्या बंद पडलेल्या वस्तूंकडेही सरांनी पाठ फिरवली. माझं स्टेपलर शेवटी दुकानात न्यावं लागलं. तिथल्या माणसाने नवीन घ्या म्हणून सांगितलं.

सर आता नाशिकला मुलीकडे असतात. फोनवर बोलतो आम्ही. पण मला ते दिसतात ते शीतलच्या व्हायवाच्या दिवशीचे, संभाजीनगरला, विद्यापीठाच्या एका लांबट खोलीत. नवा इस्त्रीचा शर्ट, हात साबणाने घासून लाल केलेले. शीतलचे वडील धर्मापुरीहून आले होते आणि शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी टोपी मांडीवर ठेवून बसले होते. शीतल पुस्तकी मराठीत आणि इंग्रजीत व्यवस्थित बोलत होती. सगळं नीट चाललं होतं.

मग बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं की कॅल्शियम मिळाल्यावर हे प्रोटीन पूर्ण, पक्का आकार घेतं का. शीतल उत्तर द्यायच्या आत सर गाइडच्या खुर्चीतून अर्धे उठले. त्यांना राहवलंच नाही. "घेतं की सर," ते म्हणाले, "एकदा कॅल्शियम धरलं की पूर्ण आकार घेतं."

खोलीत सगळ्यांनी माना हलवल्या. परीक्षक लिहायला लागले. शीतलने हातातली, पडद्यावर दाखवायची कांडी टेबलावर ठेवली आणि सरांकडे वळली.

"न्हाई, सर," ती म्हणाली. "ते चूक हाय."

शेजारी तिच्या वडिलांनी मांडीवरची टोपी मुठीत धरली. परीक्षकांनी मान वर केली. शीतल थांबली नाही. कॅल्शियम या धाग्याला दोन-तीन ठिकाणीच धरतं, ती सांगत होती, बाकीचा धागा मोकळाच राहतो. मोकळा राहतो म्हणूनच वाळत चाललेल्या झाडात जे समोर येईल त्याला तो आवळून सांभाळू शकतो. पूर्ण आकार घेतला असता तर त्याचा काही उपयोग राहिला नसता. तिने पडद्यावर आलेख लावला आणि जिथे बोट ठेवायचं तिथे ठेवलं. बोलताना आवाज एकदाही खाली आला नाही.

सर अजून अर्धे उठलेलेच होते. मग ते हळूच खाली बसले आणि त्यांनी मागे वळून मला शोधलं. सगळ्या खोलीतून, एवढ्या मोठ्या माणसांच्या डोक्यांवरून. डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं, ते लपवायचंही त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"ऐकलं का, शेटजी?" ते म्हणाले, जरा मोठ्यानेच. "चूक म्हनली मला."